दिवे घाटातलं ॲव्हरेज

सकाळी पुण्याच्या मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून सासवड-जेजुरीच्या दुकानांचा किराणा भरायचा, दिवे घाट चढायचा, दिवसभर माल उतरवायचा आणि रात्री पुरंदरचा वाटाणा, सीताफळं, हंगामात अंजीर घेऊन परत गुलटेकडीच्या त्याच यार्डात यायचं. आमच्या पिकअपचा हा रोजचा फेरा. एक दिवस मी चालवतो, एक दिवस धाकटा भाऊ. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर सहज होतात. गाडी २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन. नवी होती तेव्हा लोड घेऊनसुद्धा लिटरला बारापर्यंत जायची. गेल्या दिवाळीच्या सुमाराला डिझेलची बिलं बघताना लक्षात आलं की भाडं तेच, फेऱ्या त्याच, आणि डिझेलला मात्र महिन्याला दोन-तीन हजार रुपये जास्त जातायत. घाटातही गाडीला दम लागायचा. पूर्वी जी चढण तिसऱ्या गियरमध्ये निघायची तिथे दुसरा टाकावा लागत होता.

ट्यूनिंगचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे हिशेब बदलून ताकद-ॲव्हरेज सुधारण्याचा, विचार तिथून सुरू झाला. भोसरीकडे एक ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला आहे, त्याने गाडीला 'चिप' बसवून दीड-दोनचं ॲव्हरेज वाढल्याचं सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "मीटर दाखवतंय ना." त्या उत्तरात काय चुकतंय हे कळायला मला पुढे दोन महिने आणि बरेच पैसे लागले, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी मोजणीचं सांगतो, कारण मोजणी धड नसेल तर बाकीचं सगळं हवेत आहे. मी एक दोनशे पानी वही घातली. पंप एकच, हडपसरचा. नोझलही तेच, कारण गाडी प्रत्येक वेळी एकाच कोनात उभी राहिली तर टाकीत हवा दर वेळी तेवढीच अडकते. वेळ सकाळची, माल भरायच्या आधी. डिझेलला फेस येतो. नोझल आपोआप बंद होऊन पहिला कट पडला की नळी बाहेर काढू नका, दोन मिनिटं थांबा, फेस बसतो, मग हळू धार सोडून दुसरा कट घ्या. या दोन मिनिटांत आमच्या टाकीत दीड लिटरपर्यंत डिझेल आणखी गेलेलं मी पाहिलंय. पंचेचाळीस लिटरच्या भरण्यात दीड लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, म्हणजे ज्या फायद्याच्या शोधात आपण निघालो त्याच्याएवढीच चूक. पंपावरच्या मुलाला आधी कंटाळा यायचा. चौथ्या खेपेला तोच म्हणाला, "काका, फेस बसू दे की."

टायरमधली हवा आधी नीट करून घेतली, मागचे दोन्ही टायर कमीच निघाले. नंतर सबंध चाचणीभर दर सोमवारी हवा तपासली. माल वजनकाट्यावर तोलून सव्वा टनाच्या आसपास ठेवला. ओडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघितला, शंभर किलोमीटरला एक किलोमीटर जास्त दाखवत होता, तो वजा केला. प्रत्येक बदलानंतर तीन टाक्या, आणि एका वेळी एकच बदल. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत गाड्या रोलरवर ठरलेल्या चक्राप्रमाणे पळवून आकडा काढतात. आपल्याकडे रोलर नाही, पण रस्ता तोच, लोड तोच, पाय तोच ठेवणं आपल्या हातात असतं. भाऊ ज्या दिवशी चालवायचा त्या नोंदीसमोर मी 'भा' लिहायचो. सुरुवातीच्या तीन टाक्यांची सरासरी निघाली १०.३. गाडीचं मीटर त्याच काळात १०.९ दाखवत होतं.

मग मी तसाच 'चिप'चा डबा मागवला. साडेनऊ हजारांचा, ऑनलाइन. काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा काळा डबा आणि त्याला दोन सॉकेट. रेलवरच्या, म्हणजे डिझेलच्या मुख्य नळीवरच्या, प्रेशर सेन्सरचा सॉकेट काढायचा, मधे हा डबा लावायचा, दोन 'टक' आवाज आले की झालं. आमच्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत बसवला. बसवताना ते एवढंच म्हणाले, "सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मधे तिसरा माणूस बसवताय, बघा बुवा."

घाटात गाडी खरंच उठली. मस्तानी तलाव दिसतो त्या वळणाच्या पुढे जिथे दुसरा गियर लागायचा, तिथे तिसऱ्यातच वर निघाली. मीटरवरचा आकडा तीन दिवसांत १२.६ वर गेला. भाऊ म्हणाला, "दादा, पैसे वसूल." मलाही तसंच वाटलं. पण आरशात काळा धूर दिसत होता. एका वळणावर मागे स्कूटरवर एक बाई होत्या, पुढे लहान मुलगी उभी. धुराचा लोट गेला तशी त्यांनी एका हाताने स्कूटर सांभाळत दुसऱ्या हाताने आपली ओढणी त्या मुलीच्या नाकावर धरली. मी रेस कमी केली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. तो प्रसंग काही केल्या डोक्यातून जाईना.

तीन टाक्या झाल्या. पंपाचा हिशेब आला १०.१.

मी तो चार वेळा केला. मीटर म्हणतंय १२.६, टाकी म्हणतेय १०.१. आधी पंपावर संशय घेतला, पाच लिटरचं माप मागून तपासलं, माप बरोबर होतं. वही घेऊन मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "हे माझ्या हाताचं काम नाही. लॅपटॉपवाल्याकडे जा, पण असा शोधा की जो आधी गाडी वाचेल, मग हात लावेल." त्यांनीच एक पत्ता दिला.

चिंचवडच्या बाजूला एका शेडमध्ये हा मुलगा काम करतो. तिशीच्या आतला, इंजिनिअरिंग केलेला. त्याने डबा पाहिला, वही पाहिली आणि कागदावर आकृती काढून समजावलं. कॉमन रेलमध्ये डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाने साठवलेलं असतं. या पिढीच्या इंजिनांत तो दाब सोळाशे बारपर्यंत जातो, गाडीच्या टायरमध्ये फार तर चार-पाच बार असतो, त्यावरून अंदाज करा. सेन्सर हा दाब व्होल्टच्या भाषेत ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो. ईसीयू त्यावरून ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवला की किती डिझेल पडेल. डबा मधे बसून दाब खरा आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडला, तो वाढवतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण दाब जास्त असल्याने डिझेल जास्त पडतं.

"आणि मीटर?" मी विचारलं.

"काका, मीटरला डिझेल दिसत नाही. ईसीयूला जेवढं दिलं असं वाटतं, तेवढंच मीटर मोजतं. डब्याने ईसीयूला फसवलं की मीटर आपोआप फसतं. तुम्ही रेस कमी देता, कारण गाडी उठतेय. ईसीयूच्या हिशेबात खर्च कमी. टाकीच्या हिशेबात जास्त."

भोसरीच्या त्या ट्रान्सपोर्टवाल्याला मी त्याच संध्याकाळी फोन करून हे सांगितलं. त्याने टाकीने कधीच मोजलं नव्हतं. जे मीटर बघूनच समाधान मानतात त्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एकदा टाकी ते टाकी मोजा.

डबा तिथेच काढला. मला वाटलं आता हा मुलगा लगेच ईसीयूमध्ये नवी फाइल, म्हणजे बदललेला प्रोग्रॅम, टाकेल. त्याने ठाम नकार दिला. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, जिथून ईसीयूचे आकडे वाचता येतात, वायर लावली, लॅपटॉप माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाला, "जसा रोज चालवता तसा लोड घेऊन घाट चढायचा. मधे काही करू नका." दुसऱ्या दिवशी तो स्वतः पहाटे यार्डात आला, भाऊही बरोबर निघाला. साखर, गूळ, तेलाचे डबे असा सव्वा टन माल हौद्यात होता. फुरसुंगी, वडकी मागे टाकून घाट लागला. स्क्रीनवर दोन रेषा चालल्या होत्या. एक टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, किती दाब द्यावा ही ईसीयूची मागणी, दुसरी प्रत्यक्ष मिळालेला दाब. सपाटीला दोन्ही एकमेकींवर होत्या. चढ लागला आणि त्या फाकल्या. मागणी २.१ बार, मिळतंय १.८ च्या आतबाहेर. वरच्या विठ्ठलमूर्तीपर्यंत ती फट काही मिटली नाही.

वर गाडी थांबवली, बॉनेट उघडलं. त्याने साबणाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. मला रेस धरून ठेवायला सांगितली आणि टर्बोकडून, ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी नळीवर फवारत गेला. इंटरकूलरच्या टोकाला, क्लिपच्या अगदी खाली, फेस उसळला. मी रेस भावाच्या हवाली करून पुढे गेलो. नळीच्या त्या भागावर तेलकट धुळीचा थर बसला होता. त्याने चिंधीने पुसला तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. बंद गाडीत ती मिटलेली असते, वरून नळी चांगली दिसते. दाब आला की ओठ उघडावेत तशी उघडते. दोन सर्व्हिसिंगमध्ये ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती, माझ्याही नाही.

त्यावर त्याने जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं. हवा इंजिनात शिरण्याआधी मोजली जाते आणि मोजल्यानंतर या चिरेतून निसटते. ईसीयूच्या हिशेबात हवा आहे, सिलिंडरमध्ये ती नाही. डिझेल धड जळत नाही, गाडीला दम लागतो, आपण गियर खाली टाकून रेस दाबतो. त्यात टर्बोही मागणी पुरी करण्यासाठी जास्त राबतो. अशा गाडीला मी डबा लावून आणखी डिझेल पाजत होतो. तो काळा धूर म्हणजे माझ्या पैशाचं अर्धवट जळलेलं डिझेल होतं, आणि ते त्या लहान मुलीच्या नाकाशी जात होतं.

नळी, दोन नव्या क्लिपा आणि मजुरी मिळून अडतीसशे रुपये लागले. पुढच्या तीन टाक्या: ११.४.

साडेतीन हजार किलोमीटरला जवळजवळ तेहतीस लिटर वाचले. डिझेल त्या महिन्यांत ९१ रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे महिन्याचे तीन हजार. नळीचे पैसे सव्वा महिन्यात फिटले.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला जाणून घ्यायचं होतं की निव्वळ ट्यूनिंगमध्ये काय आहे. तो मुलगा आता फाइल टाकायला तयार होता. टाकण्याआधी आमचं तासभर बोलणं झालं. त्याने आधीच सांगितलं की डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये मोठी करामत करता येत नाही, इंजिन मुळातच काटकसरी असतं. इंजेक्शन थोडं आधी सुरू केलं तर ॲव्हरेज वाढतं, पण त्याने नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू वाढतात, आणि कंपनी ते मागे ठेवते ते त्यासाठीच. ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवून हे वायू कमी करणारी व्यवस्था, बंद करणाऱ्या फाइल बाजारात मिळतात, पुष्कळजण तेच मागतात. मी म्हटलं, मला ते नको. यार्डाच्या गेटवर आमचे हमाल गाड्यांच्या सायलेन्सरच्या उंचीला वाकून गोण्या उचलतात. लिटरमागे अर्धा किलोमीटर वाचवायला मी त्यांच्या छातीत विष सोडणार नाही. तोही म्हणाला, "मीही ते काम घेत नाही, काका."

कायद्याचंही बोललो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना आडकाठी करतं, म्हणून कमाल ताकद वाढवायची नाही असं ठरवलं. वॉरंटी केव्हाच संपली होती. विमा कंपनीला पत्राने कळवलं. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बीएस-६ गाडी असेल तर आणखी दहादा विचार करावा, तिच्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, जरा जास्त धूर झाला की तो भरतो आणि साफ व्हायला स्वतःच डिझेल खातो.

आमच्या गाडीत त्याने इंजेक्शनची वेळ आणि ईजीआर यांना हात लावला नाही. १,५०० ते २,००० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, थोडा वाढवला, हवा पुरते तेवढाच. रेस पेडल किती दाबलं की इंजिनाने किती जोर द्यायचा, तो नकाशा सौम्य केला. हेतू एवढाच की वरचा गियर लवकर पडावा आणि घाटात तो टिकावा. मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून माझ्या हातात दिली. अठरा हजार रुपये झाले. काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता, फाइल लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. ज्याच्या शेडमध्ये तो चार्जर दिसत नाही त्याच्या हाती गाडी देऊ नका.

पहिल्या तीन टाक्या मी एकट्याने चालवल्या. १२.० आले. मी खूश. मग भाऊ बसला. त्याच्या पहिल्या टाकीला १०.९. त्याला गाडी हलकी वाटत होती आणि वडकी-हडपसरच्या सरळ रस्त्यावर तो पंचाहत्तर-ऐंशीला नेत होता. मी रागावलो नाही, वही पुढे केली. तो बराच वेळ आकडे बघत बसला. म्हणाला, "दादा, तू किती वर चालवतोस?" मी सांगितलं, पंचावन्न, फार तर साठ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि आमच्या गाडीचा हौदा ताडपत्रीसकट म्हणजे उभी भिंतच. यार्ड ते सासवडच्या अंतरात ऐंशीने जाऊन दहा मिनिटं वाचतात, आणि ती हडपसरच्या गर्दीत पुन्हा जातात.

पण त्या रात्री मला एक शंका खाऊ लागली. १२.० मधला किती वाटा फाइलचा आणि किती माझ्या पायाचा? वही घातल्यापासून मी स्वतःच अलगद चालवायला लागलो होतो. नोव्हेंबरचा पाय आणि जानेवारीचा पाय एक नव्हता. याचं उत्तर एकाच मार्गाने मिळणार होतं. मी पेन ड्राइव्ह घेऊन चिंचवडला गेलो आणि म्हटलं, मूळ फाइल परत टाक. तो मुलगा हसला नाही, उलट त्याला आनंद झाला. म्हणाला, "असं कुणी करत नाही." आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मूळ फाइलवर, नव्या नळीसह, माझ्या आताच्या पायाने तीन टाक्या: ११.६. म्हणजे माझ्या पायाचे ०.२ आणि फाइलचे ०.४. साडेतीन हजार किलोमीटरला दहा लिटर, नऊशे-साडेनऊशे रुपये. अठरा हजार फिटायला दीड वर्षाच्या वर. हा फायदा खोटा नाही, पण जे दीड-दोनचं ॲव्हरेज सांगून डबा विकला जातो त्याच्या जवळपासही नाही. ट्यूनरने मला दिलेली खरी चीज होती ती घाटातली सकाळ आणि त्या दोन रेषा. तसं नुसतं लॉगिंग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, करून द्यायला तो फार थोडे पैसे घेतो, आणि माझ्या मते जुन्या पिकअपवाल्याने वर्षातून एकदा तेवढं तरी करून घ्यावं.

नवी फाइल मी पुन्हा टाकून घेतली. घाटात तिसरा गियर टिकतो, क्लच कमी घासतो, आणि आम्ही दोघे भाऊ आणखी चार-पाच वर्षं ही गाडी चालवणार आहोत. पीयूसी दोन्ही फाइलींवर करून घेतली. धुराचा आकडा मूळ फाइलला ०.७१ आणि नव्याला ०.७८ आला, बीएस-४ डिझेलची मर्यादा १.६२ आहे. मर्यादेत असला तरी आकडा थोडा वाढलाय, हे मी लिहून ठेवलंय, आणि पुढच्या पीयूसीला तो आणखी वर गेला तर फाइल काढायची असं आमचं ठरलंय.

सीताफळं संपून आता अंजीर सुरू झालेत. नोंदी चालू आहेत. परवा सकाळी यार्डात उतरलो तर भाऊ बॉनेट उघडून उभा होता, हातात साबणाच्या पाण्याची बाटली. मला रेस धरायला सांगितली. नळीच्या दोन्ही टोकांना त्याने सावकाश फवारलं, वाकून पाहिलं, क्लिपेवरून बोट फिरवलं. बुडबुडा नव्हता. मग त्याने वही मागितली आणि आपल्या अक्षरात लिहिलं: नळी ठीक, हवा भरली, ११.७, भा.